झोपाळ्याचे पेन करण्याआधी

कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचे घर बांधायचे ठरले, की अंगणात एक ढीग साठू लागतो. मोडका पलंग, किडके वासे, किल्ली हरवलेले कुलूप, पितळी पानदान, बंद पडलेले मनगटी घड्याळ, रंग उडालेली संदूक. भंगारवाला काटा घेऊन येतो आणि अर्ध्या तासात दोन-तीन पिढ्यांचा संसार किलोच्या भावाने उचलून नेतो. अलीकडे मात्र या ढिगाकडे वेगळ्या नजरेने पाहणारी तरुण मुलेमुली दिसतात. त्यांना त्यातल्या एखाद्या लाकडाच्या तुकड्याचे पेन करून हवे असते. दादांच्या पलंगाचे पेन, नानीच्या संदुकीचे पेन. काही वाचकांनी याविषयी आम्हाला विचारले आहे: असे खरेच करता येते का, कोण करून देते, आणि करावे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यापाशी मात्र थोडे थांबावे लागते, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे.

आपल्या घरांत लेखणीला मान आहे, हे सांगायला नको. कुरआनमधील ६८ व्या सूरहचे नावच ‘अल-कलम’ आहे. मराठीने तर हा शब्द इतका आपलासा केला, की कायद्याचे कलम आणि हापूसचे कलम म्हणताना तो अरबीतून आला हे कोणाच्या मनातही येत नाही. मूळ कलम म्हणजे बोरूचा कापलेला तुकडा. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पाटीनंतर जो बोरू हातात धरला, तो आणि बगदादच्या कातिबाच्या हातातला कलम ही एकाच जातीच्या गवताची लेकरे. बोरू झिजला की पुन्हा तासायचा, पुन्हा लिहायचे. बाराव्या शतकातले बगदादचे आलिम इब्न अल-जौजी यांच्या चरित्रात एक गोष्ट सांगितली जाते. हदीस लिहिताना कलम तासून जे कपटे पडत, ते त्यांनी आयुष्यभर जपून ठेवले आणि आपल्या शेवटच्या गुस्लचे पाणी त्यावर तापवावे असे सांगून ठेवले. लेखणीचा कपटादेखील वाया जाऊ न देणारी ही माणसे होती.

ज्याच्या पोटात शाई आहे असे पेनही वाटते तितके अलीकडचे नाही. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल-मुइज्ज याने दौतीशिवाय लिहिता येईल आणि उलटे धरले तरी गळणार नाही अशी लेखणी कारागिराकडून करवून घेतली, अशी नोंद त्याच्या दरबारातील काजी अल-नुमान यांनी केली आहे. ती लेखणी आज उरलेली नाही. नेहमीच्या वापरातले फाउंटन पेन घडायला पुढे नऊशे वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या वॉटरमनला त्याच्या पेनाचे पेटंट मिळाले ते १८८४ मध्ये. आपल्याकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी फाउंटन पेन घडवून महात्मा गांधींना दिले. ते घराणे एबोनाइटच्या कांड्या लेथवर कातून हातानेच पेन करत आले. एबोनाइट म्हणजे गंधक भरपूर घालून कडक केलेले रबर. तेव्हा हाताने घडवलेले पेन ही परदेशातून आलेली हौस नव्हे.

जहाजाचे लाकूड, जहाजाचे पोलाद

जुन्या वस्तूचे पेन करण्याची रीत सध्या युरोप-अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. ब्रिटनच्या पोर्ट्समथ बंदरात ‘व्हिक्टरी’ नावाचे जहाज जपून ठेवले आहे. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेले आणि १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्यावर मारला गेला, ते हे जहाज. त्याची दुरुस्ती करताना जे ओक लाकूड काढून टाकावे लागते, त्याच्या तुकड्यांची पेने करून दाखल्यासह विकतात. दलदलीत हजारो वर्षे गाडलेला काळा ओक, न्यूझीलंडच्या जमिनीत सुमारे पन्नास हजार वर्षे पडून असलेले कौरी लाकूड, जुन्या चर्चचे बाक, मोडलेल्या पियानोच्या पट्ट्या, घड्याळाची चाके पारदर्शक रेझिनमध्ये बसवून केलेली नळी, असे अनेक प्रकार तिथे चालतात. दारूच्या जुन्या पिंपांचे लाकूडही तिकडे फार मागणीत आहे. आपल्याकडे ते कोणी मागणार नाही, ही गोष्ट वेगळी.

या धंद्याची एक जुनी गोष्ट थेट मुंबईपर्यंत येते. नेल्सनचेच आणखी एक जहाज होते, ‘फूद्रोयां’. नौदलाने ते काढून टाकल्यावर एका खासगी मालकाने विकत घेतले, पण जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटले. मालकाने त्याच्या लाकडाचे सामान आणि तांब्याची पदके करून विकली. त्याच वर्षी त्याने दुसरे एक जुने जहाज घेतले आणि त्याला बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. हे दुसरे जहाज म्हणजे ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले. आज ते आपल्या मूळ नावाने इंग्लंडमधील हार्टलपूल येथे उभे आहे. ओकाच्या जहाजाचे तुकडे होऊन घराघरांत गेले आणि मुंबईचे सागवानी जहाज दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर आहे. सागाची ताकद ज्याला समजून घ्यायची असेल, त्याने आपल्या ओटीवरच्या खांबाकडे एकदा नीट पाहावे.

आपल्याकडचे ताजे उदाहरण ‘विक्रांत’चे. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात लढलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. २०१४ मध्ये ती दारुखान्याच्या गोदीत तोडायला घेतली गेली. त्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज कंपनीने घेतला आणि २०१६ मध्ये त्यापासून मोटारसायकल बाजारात आणली. लोकांनी ती घेतली, त्यात गाडीइतकाच तिच्या टाकीतल्या पोलादाचा वाटा होता. ज्याला जहाज घरी नेता येत नाही, त्याला त्याचा एक अंश तरी जवळ असावा असे वाटते. घराच्या बाबतीतही हेच होते. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष जहाजांवर खलाशी आणि सारंग म्हणून गेले, मग पुढची पिढी आखातात गेली. घर मागे राहिले आणि आता तेही पडते आहे. नातवंडांच्या हाती राहील तो त्या घराचा एखादा तुकडाच.

पेन घडते कसे

पेनासाठी लाकूड फार लागत नाही. साधारण तेरा सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर जाड-रुंद असा चौकोनी तुकडा पुरतो. पलंगाचा सरळ, चौकोनी पाय सत्तर सेंटीमीटर लांब आणि सहा सेंटीमीटर जाड असेल, तर त्यातून करवतीची जागा सोडून पंधरा-वीस तुकडे निघू शकतात. पण जुन्या लाकडात चिरा असतात, खिळे असतात, कीड असते, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच हाती लागतात.

पहिले काम लोहचुंबक फिरवण्याचे. आत तुटून राहिलेला खिळा वरून दिसत नाही आणि लेथवर पटाशीला लागला, की पटाशी जाते आणि कधी कधी डोळाही. मग तुकडा कापून त्यात मधोमध सरळ भोक पाडायचे. नेहमीच्या बारीक बॉलपेनासाठी ते सात मिलिमीटरचे असते. या भोकात पितळी नळी अराल्डाइटसारख्या गोंदाने बसवतात. सागवान तेलकट असते, म्हणून गोंद लावण्याआधी ते अ‍ॅसिटोनने पुसावे लागते, नाहीतर नळी काही महिन्यांनी सुटून येते. गोंद वाळला की दोन्ही टोके नळीच्या काटकोनात साफ करायची, तुकडा लेथवर चढवायचा आणि पटाशीने गोल कातायचा. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर बोथट होते आणि ती पुन्हा पुन्हा लावावी लागते.

कातून झाल्यावर पॉलिश पेपर. दीडशे नंबरपासून सुरुवात करून सहाशेपर्यंत आणि हवे तर त्याच्याही पुढे. नंतर चपडी लाखेचे फ्रेंच पॉलिश, मेण किंवा फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचे पातळ थर. लाखकाम करणारे जुने कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. तेही पेनावर उत्तम दिसते. शेवटी टोपी, क्लिप, रिफिलची यंत्रणा असे सुटे भाग दाबून बसवायचे. हे भाग तयार संचात मिळतात. फाउंटन पेन हवे असेल तर काम वाढते. लाकूड शाई पिते आणि फुगते, म्हणून शाई जिथे लाकडाला लागू शकते तिथे आतून एबोनाइटची किंवा प्लास्टिकची नळी घालावी लागते.

वाळवीने पोखरलेले लाकूडही अगदीच टाकाऊ नसते. आतली हवा यंत्राने ओढून घेऊन त्याच्या छिद्रांत पातळ रेझिन शिरवतात आणि नव्वद-शंभर अंशांच्या भट्टीत ते घट्ट करतात. मग ते लाकूड दगडासारखे कातता येते. वाळवीच्या वाटा त्यात नक्षीसारख्या दिसतात.

मोठ्या शहरांत पेन कातून देणारे हौशी कारागीर आता आढळतात. ते नसतील तर आपल्या गावचा कातारी आहेच. पोळपाट-लाटणी, पाळण्याचे दांडे आणि पलंगाचे पाय कातणाऱ्या हाताला पेनाची नळी कातणे अवघड नाही. त्याला नवे असते ते फक्त बारीक सरळ भोक आणि सुट्या भागांचा संच. नमुन्याचे एक पेन त्याच्यासमोर ठेवले तर तो दोन-तीन तुकडे वाया घालवून शिकतो. म्हणून त्याच्या हाती आधी कोणतेही साधे लाकूड द्यावे, दादांच्या पलंगाचे नव्हे.

घरात जपून, कायद्याला धरून

जुन्या वस्तूंबरोबर जुने धोकेही येतात. जुन्या तेलरंगात शिसे असे. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा रंगवलेली संदूक, पाळणा किंवा खिडकी कोरडी घासू नये आणि रंग जाळून तर मुळीच काढू नये. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बाईला घातक असते. काम घराबाहेर, ओले करून, तोंडाला चांगला मास्क लावून करावे आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. कोकणात वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत आहे, तेही कातडीला भाजते.

जुने घड्याळ उघडून त्याची चाके पेनात बसवण्याचा मोह तरुणांना फार होतो. त्यांना एक सांगायचे आहे. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या रंगात बऱ्याचदा रेडियम असे. चमक केव्हाच गेलेली असते, पण रेडियमचे तेज निम्मे व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. असे घड्याळ बंद डब्यात ठेवले तर विशेष भीती नाही. त्याचा रंग खरवडला आणि ती भुकटी श्वासातून आत गेली, तर मात्र धोका आहे. म्हणून हिरवट-तपकिरी आकड्यांचे जुने घड्याळ उघडू नये.

काही गोष्टींना कायद्याने हात लावता येत नाही. हस्तिदंत, सांबराचे शिंग आणि कासवाची पाठ यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. आजोबांच्या काठीची हस्तिदंती मूठ घरात असेल तर तिची पेने करून विकणे हा गुन्हा ठरेल. तिच्याबद्दल वनखात्याकडे विचारणा करावी. त्याच वर्षीचा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना लागू होतो. त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शिसवाची वस्तू आखातातल्या किंवा इंग्लंडमधल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर तिलाही नियम आहेत. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत.

कायदा काही म्हणत नसला तरी कापू नयेत अशाही वस्तू असतात. रेहालची एक बाजू निखळली असेल तर ती सुतार जोडून देतो. तिचे पेन कशाला? बिदरी कामाची सुरई किंवा पानदान म्हणजे जस्ताच्या अंगावर चांदी बसवणाऱ्या कारागिराचे महिन्यांचे काम. ते कापले तर राहतो फक्त धातू. जुनी वही, निकाहनामा, खलाशाची नळी अर्थात जहाजी नोकरीची पुस्तिका, पत्रे, यांचे तुकडे करून रेझिनमध्ये घालण्याची टूमही निघाली आहे. कागद एकदा रेझिनमध्ये गेला की तो पुन्हा कोणी वाचू शकत नाही. असे कागद जपून ठेवावेत. पेनात घालायचाच असेल तर त्याची छायाप्रत घालावी.

वस्तू कोणाची?

आता तिसरा प्रश्न. करावे का? आमच्या मते याचे उत्तर लाकडापेक्षा माणसांवर अधिक अवलंबून आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. चिपळूणच्या बाजूचे गाव. आईवडील दोघेही अल्लाहला प्यारे झालेले. तीन भाऊ, दोन बहिणी. घर उतरवायचे ठरले तेव्हा ओटीवरचा सागवानी झोपाळा प्रश्न बनून राहिला. पितळी कड्यांचा, सहा फुटी, एका टोकाला वाळवी लागलेला. थोरल्या भावाच्या मुलाने सुचवले, की झोपाळ्याची पेने करू, सगळ्यांना वाटू. कल्पना सर्वांना आवडली. थोरला म्हणाला, “मग उद्याच करवत लावू.” तेव्हा मुंबईहून आलेली बहीण म्हणाली, “भाईजान, झोपाळा अब्बांचा होता. आता तो आपल्या पाचही जणांचा आहे. मला कोणी विचारले का?”

आम्हाला ती बाई फार मोलाचे बोलली असे वाटते. घर ज्याच्या ताब्यात, वस्तू त्याची, हा समज आपल्या घरांत खोल रुजला आहे. जमिनीच्या वाट्याबद्दल तरी कोणी तोंड उघडते. भांडीकुंडी, पलंग, झोपाळे यांबद्दल बहिणी बोलतच नाहीत आणि बोलल्या तर ‘लाकडासाठी भांडते’ असे ऐकून घेतात. पण वारसा म्हटले की त्यात सगळेच येते. ठरलेला वाटा घराच्या तुळईतही असतो आणि झोपाळ्याच्या फळीतही.

मग त्यांनी बसून हिशेब केला. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने झोपाळ्याचे चाळीस हजार रुपये सांगितले होते, पण वाळवीचे टोक कापून टाकावे लागेल असेही तो म्हणाला होता. तीन भावांचे दोन-दोन आणि दोन बहिणींचा एक-एक, असे आठ वाटे. एक वाटा पाच हजारांचा. धाकट्याचे नवे घर प्रशस्त होते, त्याने झोपाळा आपल्याकडे ठेवायचा ठरवला. आपला दहा हजारांचा वाटा धरून उरलेले तीस हजार त्याने दिले: दोन भावांना दहा-दहा, बहिणींना पाच-पाच. थोरली बहीण म्हणाली, “पैसे मी घेईन, तो माझा हक्क आहे. पण माझ्या मुलांना झोपाळा कसा दाखवू? तो तर रत्नागिरीला लागणार.” तेव्हा पेनांचा विषय पुन्हा निघाला आणि या वेळी तो सर्वांच्या संमतीने निघाला. व्यापारी जे टोक कापून टाकणार होता, ते वीतभर टोकच कापले. पोखरून भुसा झालेला भाग सोडून चौदा तुकडे निघाले. भोक पाडताना दोन चिरले. उरलेल्या बारांची पेने झाली, पाच भावंडांची आणि सात नातवंडांची. झोपाळा थोडा आखूड झाला, पण आजही लटकतो आहे.

या घराने जे केले त्यातून एक साधा नियम हाती लागतो. जी वस्तू धडकी आहे आणि वापरता येते, ती वापरावी. कोणाला तरी द्यावी, विकावी, पण कापू नये. मोडलेल्या, किडलेल्या किंवा नाहीतरी कापाव्या लागणाऱ्या भागातून पेन करावे. आणि करवत लावण्याआधी सगळ्या वारसांना विचारावे, परदेशात असतील त्यांनाही, लग्न होऊन गेलेल्या बहिणींना तर आधी. एखाद्याने नको म्हटले, तर त्याचे कारण ऐकून घ्यावे. कधी कधी ‘नको’च्या मागे अशी एखादी आठवण असते, जी बाकीच्यांना माहीतच नसते. झोपाळ्याच्या त्या फळीवर कोणीतरी आपल्या अम्मीच्या मांडीवर शेवटचे डोके ठेवलेले असते.

खरी गोष्ट लिहून ठेवा

हाताने केलेल्या पेनाची अर्धी किंमत त्याच्या गोष्टीत असते, म्हणून तिथे फसवणुकीलाही जागा असते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना कोणताही दरवाजा ‘नवाबाच्या हवेलीचा’ आणि कोणतीही पेटी ‘दोनशे वर्षांची’ होऊन जाते. त्याच फळीच्या पेनावर तीच गोष्ट चढते आणि दाम दुप्पट होतो. पेन विकत घेणाऱ्याने लाकूड कोणते, कोठून आले, कोणी उतरवले, एवढे तरी विचारावे. विकणाऱ्याने जे माहीत आहे तेवढेच सांगावे. मालातला दोष लपवून विकणे आपल्याकडे जसे गैर मानले जाते, तसेच मालाला नसलेली गोष्ट चिकटवणेही गैरच. ‘जुने सागवान, मूळ घर ठाऊक नाही’ असे लिहिलेले पेनही सुंदर असते.

घरासाठी पेन करत असाल तर प्रत्येक पेनाबरोबर चार ओळींची चिठ्ठी ठेवा. वस्तू कोणती होती. कोणाची होती, कोणत्या गावची, कोणत्या घरातली. घर कोणत्या वर्षी उतरवले. पेन कोणी घडवले. कातारीचे नाव त्यात जरूर असू द्या. आपल्या आजोबांचा झोपाळा ज्या सुताराने केला, त्याचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही. निदान पेन करणाऱ्याचे तरी राहावे. वस्तू कापण्याआधी तिचा समोरून आणि बाजूने फोटो घ्या, लांबी-रुंदी मोजून लिहा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या वस्तूविषयी बोलते करा. आमचा अनुभव असा, की ‘दादी, तुमच्या काळची गोष्ट सांगा’ म्हटले तर दादी ‘काय सांगायचे’ म्हणून गप्प बसते. तेच तिच्या हातात संदुकीचा कडी-कोयंडा दिला, तर ती संदूक कोणत्या गाडीतून आली, रस्त्यात कोठे उतरवली, आत काय होते, किती साड्या होत्या, इथपर्यंत सगळे येते. हे ऐकून घ्यायला आज वेळ आहे. पुढच्या वर्षीचे कोणी सांगावे?

शेवटचे एक. पेन लिहिण्यासाठी करा. मखमली डबीत घालून कपाटात ठेवलेले पेन वर्षभरात दादांच्या पलंगाइतकेच विस्मरणात जाते. म्हणून बाजारात सहज मिळणारी रिफिल बसेल असाच संच निवडा. मुलगी दहावीच्या परीक्षेला बसेल, मुलगा नोकरीच्या कागदांवर सही करेल, निकाहनाम्यावर दोघे आपापली नावे लिहितील, तेव्हा ते पेन हातात असू द्या. वापराने त्याची चकाकी जाईल, क्लिप सैल होईल. लाकूड हाताच्या तेलाने काळसर होईल, जसा ओटीवरचा खांब पाठ टेकून टेकून होत असे. चकाकी गेली तर कातारी पुन्हा पॉलिश करून देतो. लाकूड मात्र दुसरे मिळत नाही.

ज्या वाचकांचे घर या उन्हाळ्यात उतरणार आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस मध्ये ठेवावा. बहिणींना फोन करावा, ढिगापाशी सगळ्यांनी मिळून बसावे. पेन होवो न होवो, तो दिवस वाया जाणार नाही.